सव्वा मूठ

हिशेब मांडायचा तर निताई कर्मकारला या धुळ्याच्या फेरीतून मिळायचा होता सव्वा मूठ गव्हाचा रोट. त्यावर वाटीभर खीर, गंगाफळाची भाजी, आणि परतताना कपाळावरचा गुलाल जळगावच्या स्टँडवर दोन-चार ओळखीच्यांना दिसला असता तो वेगळा. एवढ्यासाठी कुणी सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, श्रावणातल्या एसटीत चढत नाही. पण निताई चढत होता, वीस वर्षं होत आली, आणि दर वर्षी चढताना त्याला वाटायचं की या व्यवहारात आपण सगळ्यांना फसवलं, सगळ्यात मोठा नफा आपल्याच पदरात पडला. कानबाई ही खान्देशात श्रावणात घरोघरी बसणारी देवी, आणि तिच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांखेरीज कुणी खात नाही. जावई खात नाही, जिवलग मित्र खात नाही, लेक सासरी गेली की तीसुद्धा खात नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, तेवढ्याचंच पीठ, तेवढ्याचाच रोट. आणि त्या मोजणीत घाटालकडचा एक बंगाली सोनार बसला होता. याला नफा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

गुरुवारपर्यंत हा हिशेब चोख होता. गुरुवारी तो जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळातल्या कारखान्यात पाटावर बसून एका मंगळपोतीची सोन्याची वाटी डाग देऊन जोडत होता. धुळ्याहून नूतनचा फोन आला. नूतन म्हणजे त्याच्या धुळ्याच्या मित्राच्या, योगराजच्या मोठ्या मुलाची, भूषणची बायको. योगराजची आई, थोरली ताईबाई दीड वर्षामागे गेली, गेल्या श्रावणात दुःखाचं वर्ष म्हणून कानबाई बसली नाही, तेव्हा यंदा पहिल्यांदाच मोजणी नूतनच्या हातात आली होती.

"निताईकाका, एक विचारायचं होतं. रागावू नका. तुमची मूठ कुठली धरायची?"

"कुठली म्हणजे? दर वर्षी धरतात ती."

"तेच ना. आजीने कधी सांगितलं नाही, पण मी शेजारी बसलेली असायची. आजी पाचच मुठी घ्यायची. आबांची, ह्यांची, कुंदनभाऊजींची, आमच्या पिल्लूची..."

"आणि माझी," निताई म्हणाला.

"नाही हो. आणि वनाकाकांची. प्रत्येक मुठीला नाव घ्यायची ना ती. आता वनाकाका तर आलेच आहेत सुरतेहून, मागच्या महिन्यात. तुम्हाला कळलं असेलच. म्हणून म्हटलं, तुमची कुठली?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. पीठ कमी पडू नये एवढीच त्या पोरीची काळजी. निताई म्हणाला, "बघ तुला जमेल तसं," आणि फोन ठेवला. पाटावरची वाटी तोवर जास्त तापून कडेने वाहून गेली होती. शेजारच्या कारागिराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. इतक्या वर्षांत निताईच्या हातून वाटी जळलेली त्याने पाहिली नव्हती.

आता पारोळ्याच्या पुढे एसटी एका लयीत हलू लागली होती, दोन्ही बाजूंनी कपाशी गुडघाभर उंच, आणि निताईच्या डोक्यात तेच नाव दातात अडकलेल्या एखाद्या धाग्यासारखं. वना. ताईबाईचा धाकटा. नाव त्याने ऐकलं होतं, पण कुणी बुडालेल्या विहिरीचं नाव ऐकावं तसं. योगराजशी वाद घालून तो सुरतेला साडीच्या कारखान्यात गेला आणि राहिला, एवढंच. घरात त्याचा फोटो नव्हता. म्हणजे आपण गेली वीस वर्षं पानावर बसून जे खाल्लं ते त्याचं. निताईला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या नावाने तोंड रंगवण्यात गेलं, एक जागा तेवढी बिनरंगाची होती असं धरून चाललो होतो, तर तीही भूमिकाच निघाली. आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही. डायलॉग न देता उभं केलं.

भूमिकांचं म्हणायचं तर त्याच्याइतक्या भूमिका खान्देशात कुणी केल्या नसतील. सीडीचे दिवस होते ते. योगराजचं धुळ्यात पाचकंदीलपाशी लग्नाच्या शूटिंगचं दुकान, लग्नसराई संपली की कॅमेरा कपाटात. ह्या कॅमेऱ्यावर आपल्या अहिराणीतला सिनेमा काढायचा असं त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याच सुमारास तो जळगावला बायकोची पोत करायला निताईच्या पाटासमोर येऊन बसला. पोतीकडे त्याने पाहिलंच नाही. म्हणाला, "ह्या बंगालीनं तोंड कलेक्टरनं शे, भो!" उंच, उजळ, कुरळे केस, चष्मा. बाराव्या वर्षी गाडीत बसून आलेला पोरगा कारखान्यातच वाढला, कारखान्यातच झोपला, लग्नाचं राहूनच गेलं. बाजारातल्या बायांशी, हमालांशी, भाजीवालीशी बोलून बोलून त्याची अहिराणी अशी झाली होती की डोळे मिटून ऐकलं तर साक्रीचा कुणबी वाटावा. आणि योगराजने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, अहिराणी बोलायची नाही. हिंदी, तीही मोडकी, सगळीकडे ओकार लावून. निताई हिरमुसला. "मला येते ना तुमची बोली." योगराज म्हणाला, "तू आमना सारखा बोलाले लागना ते पब्लिक हाकली कोनले?"

कारण प्रत्येक सिनेमाचा शेवट एकच. बाहेरून कुणीतरी साहेब यायचा, कधी कलेक्टर, कधी मुंबईचा बिल्डर, कधी खोटा डॉक्टर, एकदा तर इंग्रज, चेहऱ्याला पावडर थापून. गावाला नाडायचा. आणि शेवटी गावातल्या बाया झाडू-लाटणी घेऊन त्याला वेशीबाहेर काढायच्या. निताई हे पळणं फार मनापासून करायचा. चष्मा सांभाळत, एका हाताने पँट धरून, मागे वळून वळून. कुठे वळायचं, कुठे अडखळायचं, चप्पल कुठल्या पायातली सुटू द्यायची, हे तो रात्रभर मनात घोळवून यायचा. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर टीव्ही लावून सीडीवाले तेवढाच तुकडा फिरवून फिरवून दाखवत आणि पोरं गडबडा लोळत. नाव मात्र निताई नव्हतं. योगराज म्हणाला, "निताई म्हणजे बाईनं नाव शे का? लोक ताईच म्हणतीन." मग सीडीच्या कव्हरावर 'नितीनकुमार' झालं. एकदा धुळ्याच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या बाईने त्याची कॉलरच धरली. "ए मुडद्या, त्या रांडमुंड बाईनी जमीन लिखी लिधी ना तू? परत दे!" तो अहिराणीत म्हणाला, "माय, तो सिनेमा शे वं." बाई चपापली. मग तिला आणखी राग आला. "आमनी बोली बी चोरी लिधी का?" हे तो कारखान्यात वर्षानुवर्षं नक्कल करून सांगायचा. कारागीर हसायचे. सांगताना शेवटच्या वाक्यापाशी त्याचा आवाज थोडा बदलायचा, ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

त्याच काळात घाटालहून बहिणीचे फोन कारखान्याच्या शेजारच्या बूथवर यायचे. आई पौषात तांदळाची गोड पिठी, मोदकासारखी, करते, तुझ्या वाटणीची बाजूला ठेवते. मग काय करते, त्याने एकदा विचारलं. दोन दिवस ठेवते आणि तळ्यात सोडते. म्हणते, मासे खातात, बरं आहे, कुणीतरी खातंय. पुढच्या पौषात येतो, असं तो म्हणायचा, आणि पौषात लग्नसराई लागायच्या आत दोन सीड्या काढायची योगराजची घाई असायची. आई गेली तेव्हा तो इन्स्पेक्टरच्या गणवेशात साक्रीच्या पुढच्या एका वेशीवरून पळत होता. निरोप कळला, आणि योगराज म्हणाला होता, जा. तो म्हणाला, हा एक शॉट होऊ दे. मग गाडीची वेळ टळली.

एसटी धुळ्यात शिरली तशी त्याने पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत चांदीची एक नथ होती, कानबाई म्हणून जो नारळ पुजतात त्याला घालायची, त्याने स्वतः घडवलेली. आता ही नथ कुणाच्या नात्याने द्यायची, हाही प्रश्नच होता. उतरावं आणि समोरच्या जळगाव गाडीत बसावं असं एकदा वाटून गेलं. वेशीबाहेर पळायची सवय होतीच की. या खेपेला कुणी झाडू घेऊन मागे लागायचीही गरज नव्हती. पण पाय रिक्षाकडे गेले. देवपूरला जाताना त्याला पहिल्यांदा रोट खाल्ला तो दिवस पुन्हा दिसू लागला, आणि गुरुवारपासून तो दिवस त्याला दर वेळी थोडा वेगळा दिसत होता.

शूटिंग भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालायचं. वीज दुपारी जायची म्हणजे जायचीच, त्याआधी दिवे लावून जे होईल ते. त्या वर्षी योगराजने सिनेमात कानबाई घ्यायची ठरवली. सेट कुठला बांधणार, घरची खरी कानबाईच बसलेली होती. घरचा कर्ता रोट खातो असा प्रसंग, कर्त्याच्या कामाला चुलतभाऊ रतिलाल. टोपी, उपरणं, गंध, सगळं झालं, आणि दिवे लागताच रतिलालला जो घाम फुटला तो थांबेना. "मले नही जमाव," म्हणून तो न्हाणीत जाऊन बसला. वीज जायची वेळ झाली होती. योगराजने कोपऱ्यात गंमत बघत बसलेल्या निताईला टोपी घातली. "बोलू नको, नुसतं खाय." आई म्हणून ताईबाईच, दुसरं कोण मिळणार. स्वयंपाकघरात दोन ताटं होती, शूटिंगसाठी केलेल्या साध्या गूळपोळीचं एक आणि खऱ्या रोटाचं एक. ताईबाईने ताट आणून पुढ्यात ठेवलं. निताईने घास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो पडद्यावर कुणाच्या घरात, पाटावर, मांडी घालून बसला होता. त्याने असा काही घास चावला की योगराज कट म्हणायला विसरला. आणि वीज जाताना रतिलालची बायको भिकुबाई दारातून किंचाळली, "अगं वं माय! रोटनं ताट शे ते!"

मग जो गोंधळ झाला तो झाला. परक्याने रोट खाल्ला, कानबाई कोपणार, कुणाच्या घरात काय होईल सांगता येत नाही. निताई तोंडात घास धरून बसला, गिळावा की थुंकावा कळेना. ताईबाई त्याच्यासमोर बसली. म्हणाली, "गीय." त्याने गिळला. मग ती भिकुबाईकडे वळली, "खाई लिधं ना त्यानी? मंग आते तो घरनाच शे. दर साल येनं पडी तुले, पोऱ्या." आणि वर हसून, "मना नावमा ताई, तुना नावमा ताई. काय अडचण शे?" घाईत ताटांची अदलाबदल झाली, असं सगळे म्हणाले. वीज जायची होती ना. निताईही तेच धरून चालला होता.

पण घरातली चार लग्नं आणि दोन घरांची भाऊबंदकी डोक्यात ठेवून चालणारी ताईबाई ताटं चुकणारी बाई होती का? मूठ तर ती वनाच्या नावाने दर वर्षी घेतच होती. तो गेल्यापासून त्याचा रोट तसाच उरायचा. पौर्णिमेच्या आत संपवायचा ही रीत, दुसऱ्याचा वाटा खायचा नाही हीही रीत, आणि उरलेला रोट अंगणात खड्डा करून पुरावा लागे. मुलाच्या नावाचं दर वर्षी पुरायचं. रिक्षा नदीच्या पुलावर होती तेव्हा निताईला हे इतकं स्वच्छ दिसलं की त्याने रिक्षावाल्याला उगाचच "हळू" म्हटलं. तिला खाणारा हवा होता. घाटालच्या तळ्यात मासे होते. इथे तो होता.

दारात योगराज खुर्ची टाकून बसलेला. साखरेने पाय सुजलेले, जीभ मात्र तशीच. "या, नितीनकुमार! कलेक्टर साहेबनी गाडी लेट कशी?" मग आवाज उतरवून, "आत वना शे." एवढंच. योगराजलाही काही माहीत होतं की नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. त्याच्या बाजूने सिनेमा चालला होता, तो घास सगळ्या सीड्यांत गाजला होता, बाया तेवढा तुकडा बघून रडायच्या. एका शॉटला याहून जास्त काय लागतं?

वना ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. निताईपेक्षा लहान असून मोठा दिसणारा, मागाच्या आवाजाने अर्धा बहिरा, खोकणारा. भूषणचं पोर त्याच्यासमोर उभं राहून त्याला बोलायला लावत होतं आणि तो 'सगळे'ला गुजरातीत 'बधा' म्हणाला की खिदळत होतं. "हाई काका 'बठ्ठा'ले 'बधा' म्हनतस! काका बाहेरना शेतस का?" निताई सवयीने म्हणाला, "आसं म्हणू नही, भो. ते घरना शेतस." वनाने मान वर केली. असली अहिराणी कोण बोलतंय म्हणून पाहिलं, आणि ओळखलं. ओळखीचा एक क्षण असतो तसा नव्हे. तो बराच वेळ बघत राहिला, जसं माणूस आपल्या घराच्या दाराला नवा रंग दिलेला बघतो.

"तू टोपीवाला," वना म्हणाला.

"कलेक्टर," निताई म्हणाला. "इन्स्पेक्टर. बहुतेक वेळा."

"ना. टोपीवाला." वनाची भाषा अर्धी तापीकाठी राहिलेली, अर्धी पलीकडे गेलेली. "सुरतमा आम्ही बधा खान्देशी एक खोलीमा. रविवारना दिवस कोनी तरी सीडी लई ये. एकदा लागनी. मनं घर दिखनं. हाई ओसरी, ते दार. मनी माय दिखनी." तो खोकला. "बॅग भरेल व्हती मनी, भाई. त्याच आठवडामा येवाना व्हतू. कानबाईले. आनी पाहिलं ते तू मनी जागावर बठेल. माय तुले वाढी राहिंती, हसी राहिंती. मी समजनू, मूठ दुसराले दिधी मायनी. आते कसाले जानं?"

"तो सिनेमा होता," निताई म्हणाला. मराठीत, अहिराणीत, कशात म्हणाला ते त्याला स्वतःला कळलं नाही. हे वाक्य त्याने स्टँडवरच्या त्या म्हातारीला सांगितलं होतं, तेव्हा ते खरं होतं.

"आते माहीत शे," वना म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर निताईला बरं वाटलं असतं. "बॅग मी सोडी ठेवी. मंग कामना दिवस. मंग कोनी तरी सांगं, माय गई."

तिथे उन्हाची एक तिरीप होती आणि तिच्यात गुलालाची धूळ तरंगत होती. मुलाचं नाव मोजणीतून जाऊ नये म्हणून ताईबाईने एक परका आणून त्याच्या पाटावर बसवला. सगळा हिशेब बरोबर. चूक एकच, कॅमेरा चालू होता. आणि निताईने तो घास जरा कमी मनापासून चावला असता, तर? योगराज कट म्हणाला असता, दुसरा शॉट घेतला असता, गूळपोळीचा. आयुष्यभरात त्याने एकच काम खोटं न करता केलं, आणि ते सुरतेच्या एका खोलीत फार चांगलं पोचलं.

पानं मांडली गेली. निताई उठून दाराकडे सरकला, पिशवी घेऊन, नथ तेवढी कुंदनच्या हाती देऊन निघावं म्हणून. नूतनने स्वयंपाकघरातून हाक मारली, "काका, बसा. तुमचं पान आहे."

"याचं पान कसं?" भिकुबाई कोपऱ्यातून उठली. वीस वर्षांत तिचा आवाज पिकला होता, धार तशीच. "वना आलाय ना आता. कोणाची मूठ धरली तू याच्यासाठी?"

"आजीची."

दारातल्या खुर्चीत योगराजची मान वळली.

"बाईमाणसाची मूठ धरतात का कुठे?" भिकुबाई म्हणाली. "कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. मोजायला बसले, आबांचं नाव घेतलं, ह्यांचं घेतलं, भाऊजींचं, वनाकाकांचं, आपल्या पिल्लूचं घेतलं. मग हातात गहू होतेच, आणि तिचंच नाव तोंडात आलं. आता दळून झालंय, अक्का. रोटही झालाय. काढून दाखवा त्यातली तेवढी वेगळी."

वना आधीच पाटावर बसला होता. त्याने शेजारचा पाट हाताने थोडा पुढे ओढला. निताई मांडी घालून बसला, गुडघ्याचा पट्टा कचकच वाजला. कुणी टोपी घातली नाही, कुणी दिवे लावले नाहीत. नथ कानबाईच्या नारळावर चढली होती. त्याने घास घेतला आणि हळू चावला, पण कुणी बघत असल्यासारखा नाही. गहू तोच, गूळ तोच.

तेव्हा हिशेब असा. योगराजला त्याचा शॉट मिळाला. वनाला त्याची मूठ मिळाली, उशिरा का होईना. भूषणच्या पोराला हसायला एक काका मिळाला. निताई कर्मकारने वीस वर्षं वनाच्या नावाचं खाल्लं आणि यंदा ताईबाईच्या. दोन्ही खेपेला भरलं तिनेच. आणि जी आई घाटालच्या तळ्याकाठी दोन दिवस वाट बघून पिठी पाण्यात सोडायची, तिच्या नावाने मूठ धरायला कुठल्याच घरात कुणी बसलं नव्हतं.